एमए इंग्लिश (बाहेरून) : आधुनिक अमेरिकन कविता आणि कथांच्या पेपरची तयारी कशी करू?

चाफेकळी
नमस्कार मंडळी, नोकरी सांभाळून बाहेरून एमए करतेय, पुढच्या महिन्यात अमेरिकन कविता आणि कथांचा पेपर आहे. कवितेत फ्रॉस्ट, विल्यम कार्लोस विल्यम्स, लँग्स्टन ह्यूज, सिल्व्हिया प्लाथ, शिवाय एलियटची प्रुफ्रॉक. कथांमध्ये हेमिंग्वेची हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स, फॉकनरची अ रोझ फॉर एमिली आणि शर्ली जॅक्सनची द लॉटरी. लॉटरी वाचून हादरले, पण हेमिंग्वे डोक्यावरून गेला, स्टेशनवर दोघं बिअर पीत बोलत बसतात आणि कथा संपते?? आणि विल्यम्सच्या त्या लाल ढकलगाडीवर १५ मार्कांचं लिहायचं तरी काय? गाईड आणलंय, त्यात सगळ्याच कवींना मॉडर्निस्ट म्हटलंय आणि सगळ्यांच्या खाली एलिएनेशन (माणसाचं एकटं, तुटलेलं पडणं), फ्रॅगमेंटेशन (सगळं तुकड्यातुकड्यांत विखुरणं) हेच. तेच पाठ करून टाकू का?

एटीकेटी_सम्राट
करा पाठ, बिनधास्त. मागच्या चार-पाच वर्षांचे पेपर झेरॉक्सवाल्याकडे मिळतात, प्रश्न फिरून फिरून तेच येतात. मी असाच पास झालो. मार्क विचारू नका.

खडू_फळा
सम्राट, पेपर जमवण्याचं बरोबर आहे, गाईड पाठ करण्याचं नाही. मी हा पेपर शिकवतो आणि तपासतोही. एलिएनेशनचा तो पॅरेग्राफ गठ्ठ्यात इतक्या वेळा येतो की मी तो वाचतच नाही, सरळ पुढे जातो. एक साधी टेस्ट सांगतो ताई, उत्तर लिहून झालं की कवीचं नाव खोडून दुसऱ्याचं घाला, तरी उत्तर चालत असेल तर ते कुणाबद्दलच नाहीये.

ढकलगाडीचंच घ्या. १९२३ची कविता, अख्खी मिळून १६ शब्द, एकच वाक्य, आठ ओळी. एका ओळीत तीन शब्द, पुढच्या ओळीत एक, असं चार वेळा. 'व्हीलबॅरो' हा शब्दसुद्धा त्याने मधे तोडलाय, चाक वरच्या ओळीत आणि बाकीचं खाली, म्हणजे तुम्हाला डोळ्यासमोर ती वस्तू तुकड्यातुकड्याने जोडावी लागते. किती काही त्या गाडीवर अवलंबून आहे असं म्हणतो, पण काय ते सांगत नाही. आता याच्या शेजारी एलियट ठेवा. वेस्ट लँड १९२२ची, तिच्यात दान्ते आहे, बायबल आहे, शेवटी आपलं बृहदारण्यक उपनिषदसुद्धा आहे. विल्यम्सने आत्मचरित्रात लिहिलंय की त्या कवितेने आमचं जग अणुबॉम्ब पडल्यासारखं पुसून टाकलं. त्याला रोजच्या बोलण्यातली, इथल्या मातीतली कविता हवी होती, आणि एलियट तर लंडनला जाऊन बसलेला. तुमच्या सिलॅबसमध्ये दोघंही आहेत, भांडण लावून द्या, १५ मार्क तिथेच आहेत.

फ्रॉस्टच्या रोड नॉट टेकनवर मात्र कृपा करून 'वेगळी वाट निवडा' असला मोटिव्हेशनल निबंध नको. दोन्ही वाटा जवळपास सारख्याच मळलेल्या होत्या असं कवितेतच लिहिलंय! त्या वाटेने सगळा फरक पडला हे तो पुढे कधीतरी म्हातारपणी सांगणार आहे, उसासा टाकून. एडवर्ड थॉमस नावाच्या मित्राची ही थोडी थट्टाच होती, फिरायला गेले की तो नंतर हळहळायचा, दुसरीकडून गेलो असतो तर बरं झालं असतं म्हणून.

हडसनपार
+१ खडू_फळा. मी न्यू जर्सीत असतो, विल्यम्सचं रुदरफर्ड इथून जवळच. तो तिथे आयुष्यभर डॉक्टरकी करत होता, बाळंतपणं करायची आणि मधल्या वेळात कविता, त्यामुळे त्याच्या ओळी आखूड का ते मला तरी पटतं (हे पेपरात लिहू नका).

हेमिंग्वेसाठी एक करा, घरात कोणाला तरी समोर बसवून दोघांनी संवाद मोठ्याने वाचा. विषय गर्भपाताचा आहे आणि तो शब्द कथेत एकदाही नाही. तो पुरुष परत परत म्हणतो की ऑपरेशन अगदी साधं असतं, तुला नको असेल तर करू नको, आणि तरी रेटत राहतो. शेवटी ती सलग सात वेळा प्लीज म्हणून त्याला गप्प बसायला सांगते. मग स्टेशन बघा, एका बाजूला झाड नाही की सावली नाही, दुसऱ्या बाजूला एब्रो नदीकाठी शेतं आणि झाडं. बार्सिलोनाहून येणारी गाडी ४० मिनिटांत येणार. म्हणजे निर्णयाला तेवढाच वेळ आहे.

ह्यूज मात्र वाचण्याआधी ऐका. त्याने १९५८ मध्ये वेअरी ब्लूज जॅझच्या साथीवर स्वतः वाचून रेकॉर्ड केलीय, ओळी परत परत का येतात ते दोन मिनिटांत कळतं.

चाफेकळी
बाप रे, खूप धन्यवाद सगळ्यांना!! नवऱ्याला हेमिंग्वे वाचायला बसवते आज, तोही 'अगदी साधं असतं' हेच म्हणतो सगळ्याला. फॉकनरमध्ये काळाची गडबड होतेय, कधीचं काय तेच लागत नाही. आणि प्लाथच्या उत्तरात तिची आत्महत्या, तिचा कवी नवरा टेड ह्यूज वगैरे किती लिहायचं?

खडू_फळा
फॉकनरच्या घटना एका कागदावर घडल्या त्या क्रमाने लिहा आणि शेजारी सांगितल्या त्या क्रमाने. कथा एमिलीच्या अंत्यविधीपासून सुरू होते. घराला वास सुटल्याचं दुसऱ्या भागात कळतं आणि आर्सेनिकची खरेदी तिसऱ्या भागात येते, म्हणजे आधी वास, मग विष, म्हणून वाचणारा दोन्ही जोडत नाही. सांगणारा 'आम्ही' म्हणतो, तो अख्खा गाव आहे, त्यावर एक पॅरा हवाच, गावाला सगळं दिसत होतं आणि कोणी विचारलं नाही. लॉटरीतही गाव आहे, तिथे पोरं सुरुवातीलाच दगड गोळा करतात, खेळ असल्यासारखे. दोन्ही कथांची तुलना हा येण्यासारखा प्रश्न आहे.

प्लाथचं चरित्र दोन वाक्यांत संपवा. डॅडी १९६२ची, त्यातला 'यू, डू, शू' असा ऊ-ऊ यमकांचा लहान मुलांच्या गाण्यासारखा ठेका पकडा. इतका राग आणि बडबडगीताची चाल, यावरच लिहा.

एटीकेटी_सम्राट
मास्तर, हे आमच्या वेळेला सांगायचं होतंत ना. ताई, तरी मागचे पेपर आणाच, झेरॉक्सवाला ओळखीचा आहे.