मदत हवी आहे: जानेवारीत साताऱ्याहून स्पिती, डिझेल गाडीने

जानेवारीत आम्ही चौघं साताऱ्याहून स्पितीतल्या काझाला निघतोय. मनालीकडची कुंझुम खिंड हिवाळ्यात बंद, म्हणून शिमला, रिकाँगपिओ, नाको, ताबो असंच जाणार. धास्ती आहे ती डिझेलची. कडाक्याच्या थंडीत त्यातलं मेण गोठून फिल्टर चोंदतो. मग इकडचं डिझेल संपवून पिओला टाकी भरली की भागतं, का फिल्टरही बदलावा?

कूलंटचं विचारलं तर आमचा मेकॅनिक म्हणतो, "पाणीच घाला की, महाबळेश्वरला काय थंडी नसते?" उणे वीसला पाणी गोठतं, हे त्याला कोण समजावणार! निम्मं कूलंट, निम्मं पाणी पुरेल ना?

टायरच्या साखळ्या पुण्यातून घ्याव्यात की शिमल्यात? रात्री हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावायचा, एवढं माहीत आहे. हिवाळ्यात स्वतः गाडी नेलेल्यांनी जरूर सांगा.