विषय: माझ्या क्रेडिट फाइलवर दुसऱ्याचं कर्ज

प्रेषक: सभासद, रेडिंग

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या मेल्समध्ये हा वेगळाच विषय काढते आहे, पण तातडीचं आहे. आमचं मॉर्गेज मंजूर होत आलं होतं. परवा ब्रोकरचा फोन आला की माझ्या क्रेडिट फाइलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींत, माझ्या नावावर १,१८० पौंडांचा डीफॉल्ट (कर्ज थकवल्याचा शेरा) दिसतोय, बँक नाही म्हणते. एका वसुली कंपनीने लावलाय. कर्ज कुठल्याशा स्टोअर कार्डाचं, आणि तसलं कार्ड मी कधी घेतलेलंच नाही. पत्ता मात्र आमच्या हॅरोच्या जुन्या फ्लॅटचा. आमच्यानंतर तिथे राहायला आलेल्या बाईंचं आडनाव आमचंच, नावाचं पहिलं अक्षरही तेच.

कंपनीला फोन केला तर म्हणाले, निम्मे भरा, आम्ही "सेटल्ड" लिहू. आमच्या ह्यांचं म्हणणं, सहाशे पौंड गेले तर गेले, घर हातचं जायला नको. मला पटत नाही. काय करू?

प्रेषक: सभासद, लेस्टर

ताई, एक पेनीही भरू नका.

मी निवृत्तीनंतर सिटिझन्स ॲडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून बसतो. आपली माणसं "कटकट नको" म्हणून दुसऱ्याचं कर्ज फेडतात, ते पाहून जीव तुटतो. पैसे भरल्याने डीफॉल्ट जात नाही. तो त्याच्या तारखेपासून सहा वर्षं फाइलवर राहतो, फक्त पुढे "सेटल्ड" असा शेरा पडतो. वर, कर्ज तुमचंच होतं असा अर्थ निघतो तो वेगळा. म्हणजे पैसेही गेले आणि मॉर्गेजही नाही.

हे घडतं कसं, ते सांगतो. जुनी थकीत कर्जं कंपन्या ठोकाने विकतात. विकत घेणाऱ्याच्या हाती पुष्कळदा नाव, पत्ता, रक्कम एवढीच यादी येते. माणूस सापडला नाही की "ट्रेसिंग" सुरू होतं: त्या पत्त्यावर कोण राहत होतं, सारख्या नावाचं कोण आहे, आता कुठे गेलंय. एका फ्लॅटमधून एक पाटील गेले आणि दुसरे आले, हे आपल्यात नेहमीचं. जुळवणी करणाऱ्याला त्यात एकच माणूस दिसतो.

पण सिद्ध करायची जबाबदारी तुमची नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटी, म्हणजे वित्त कंपन्यांवर देखरेख करणारी संस्था, तिच्या नियमांत स्पष्ट आहे: कर्जदार कोण यावर वाद असेल तर हाच तो माणूस हे कंपनीने दाखवायचं, ग्राहकाने नव्हे. वादाला आधार असेल तर तोवर वसुलीही थांबवायची. फोनवर हे कुणी सांगणार नाही, म्हणून यापुढे फोन बंद, सगळं लेखी.

पत्रात लिहा की हे कर्ज माझं नाही, ही औपचारिक तक्रार समजावी. मूळ करार मागा, त्यावरची सही आणि जन्मतारीख मागा. घोळ बहुधा जन्मतारखेतच उघडा पडतो. १९७४च्या कन्झ्युमर क्रेडिट ॲक्टच्या कलम ८७ची डीफॉल्ट नोटीस कधी, कुठल्या पत्त्यावर पाठवली, तेही विचारा. त्या नोटिशीत किमान १४ दिवसांची मुदत द्यावी लागते. डेटा संरक्षण कायद्याखाली तुमच्याबद्दलची सगळी माहिती मागण्याचा आणि चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्याचा हक्क आहे. उत्तराला साधारण एक महिना.

त्याच दिवशी एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या क्रेडिट फाइल ठेवणाऱ्या तिन्ही एजन्सींकडून आपला अहवाल काढा, कायद्याने तो फुकट मिळतो. तिघांकडे नोंदी सारख्या नसतात, एकाकडे पाहून निर्धास्त होऊ नका. नोंद वादग्रस्त आहे असं तिघांनाही लिहा. कंपनीने नकार दिला किंवा आठ आठवड्यांत अंतिम उत्तर दिलं नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जायचं. फी नाही, वकील लागत नाही.

ॲबर्डीनच्या रिचर्ड डर्किन यांचा खटला वाचा. १९९८मध्ये त्यांनी बँकेच्या कर्जावर हप्त्यांनी लॅपटॉप घेतला, आत मोडेम नाही म्हणून दुसऱ्या दिवशी परत केला. करार रद्द केला, असं त्यांनी बँकेला कळवूनही तिने डीफॉल्ट नोंदवला. ते थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. २०१४मध्ये कोर्टाने सांगितलं की नोंद पाठवण्याआधी नीट चौकशी करणं बँकेचं कर्तव्य होतं. क्रेडिटच्या नुकसानीपोटी ८,००० पौंड मिळाले. तोपर्यंत पंधरा वर्षं उलटून गेली होती, एका माणसाची उमेदीची पंधरा वर्षं! तेव्हा ओम्बड्समनचा रस्ता आधी धरा.

प्रेषक: सभासद, मिल्टन कीन्स

काका, भावाचं विचारते. तो २०१९मध्ये पुण्याला परत गेला, तेव्हा क्रेडिट कार्डाचा डीफॉल्ट लागला. कर्ज नंतर विकलं गेलं. आता तो इथे परत आलाय, तर नव्या कंपनीच्या नोंदीत डीफॉल्टची तारीख २०२२ दिसते. असं चालतं?

प्रेषक: सभासद, लेस्टर

अजिबात नाही. कर्ज विकलं तरी डीफॉल्टची तारीख मूळचीच राहते. त्याचा २०१९चा डीफॉल्ट २०२५मध्ये फाइलवरून जायला हवा. २०२२ धरलं तर २०२८पर्यंत छळेल. मूळ बँकेकडून तारीख लेखी मागवा आणि ती लावून दुरुस्ती मागा.

आणखी एक, सगळ्यांसाठीच. इथे राहण्याचा व्हिसा असलेल्या भारतीय नागरिकांना कॉमनवेल्थ देशाचे नागरिक म्हणून इथल्या मतदार यादीत नाव घालता येतं. घर बदललं की तिथला पत्ताही बदला. कोण कधी कुठे राहत होतं, याचा तेवढाच पुरावा होतो.

प्रेषक: सभासद, रेडिंग

काका, तुमच्या सांगण्याप्रमाणे पत्र पाठवलं आणि आज उत्तर आलं. मूळ अर्जावर जन्मतारीख दुसऱ्याच कुणाची आहे, हे कंपनीने मान्य केलं. दोन एजन्सींकडून नोंद गेली. तिसरीकडे अजून आहे, त्यांना कंपनीच्या पत्राची प्रत आजच पाठवली.

घर मात्र गेलं. विकणाऱ्यांनी दुसऱ्यांना दिलं. त्याबद्दल कंपनीने "गैरसोयीबद्दल दिलगीर" एवढंच लिहिलंय. ते मी मान्य केलेलं नाही. ब्रोकरकडून बँकेचं नकाराचं कारण लेखी घेतलंय, ते जोडून नुकसानभरपाईसाठी ओम्बड्समनकडे अर्ज करते आहे. आमच्या ह्यांनाही आता पटलंय.

पत्राचा मसुदा कुणाला हवा असेल तर मला वैयक्तिक मेल करा, माझी माहिती काढून पाठवते.