मदत हवी आहे: रास्पबेरी पायवरचा स्वस्त केव्हीएम

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या मराठी वाचनालयात एक जुना कॉम्प्युटर आहे. पुस्तकांची सगळी नोंद त्यातच. मी राहतो बेळगावात, टिळकवाडीला. पावसाळ्यात तिकडे करंट सारखा जातो-येतो आणि मशीन काळ्या पडद्यावर 'एफ १ दाबा' म्हणून अडून बसते. सीमॉसचा सेल (मदरबोर्डवरचा, सेटिंग लक्षात ठेवणारा) बदलून झाला. एनीडेस्क (दुरून कॉम्प्युटर चालवायचं ॲप) विंडोज सुरू झाल्यावरच चालतं, त्यामुळे इथे त्याचा उपयोग नाही. ग्रंथपाल काकू पासष्टीच्या, त्यांना बायॉस (विंडोजच्या आधी येणारी सेटिंगं) कुठं शिकवत बसू?

म्हणून रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू या छोट्या कॉम्प्युटर-बोर्डवर पायकेव्हीएम बसवायचं ठरवलंय. केव्हीएम म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरचा पडदा, कीबोर्ड आणि माऊस दुरून, अगदी विंडोज सुरू व्हायच्या आधीही, हाताळू देणारी सोय; पायकेव्हीएम हे त्यासाठीचं पायवर चालणारं सॉफ्टवेअर. कॉम्प्युटरकडून मॉनिटरला जाणारं एचडीएमआय सिग्नल टीसी३५८७४३ चिपच्या ब्रिज बोर्डातून पायच्या कॅमेरा पोर्टला जातं आणि ओटीजी केबलमुळे (पायला कॉम्प्युटरच्या यूएसबीला जोडणारी) कॉम्प्युटरला पाय म्हणजे साधा कीबोर्ड-माऊसच वाटतो. तयार केव्हीएम वाचनालयाला परवडणारा नाही.

अडलंय ते इथे. पायला वेगळा चार्जर लावला तर ओटीजी केबलमधून येणारा ५ व्होल्ट आणि चार्जरचा करंट एकमेकांत घुसतील ना? केबलमधली लाल वायर तोडावी, की यूएसबीच्या त्या पिनवर टेप लावली तरी पुरे? कॉम्प्युटरचं पॉवर बटण दुरून दाबता यावं म्हणून रिले (विजेवर चालणारा स्विच) घ्यावा की ऑप्टोकपलर (प्रकाशाने चालणारा स्विच)? माझा कल ऑप्टोकपलरकडे आहे. मोबाईल नेटवर पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोहोचता येईल असा नेटवरचा पत्ता) मिळत नाही, म्हणून टेलस्केल (दोन्ही टोकं जोडणारं खासगी व्हीपीएन) वापरेन. इंटरनेटवर पोर्ट उघडे टाकायचे नाहीत.

तो ब्रिज बोर्ड बेळगावात किंवा कोल्हापुरात हातात बघून घेता येईल असं दुकान कुणाला माहीत आहे का?