मदत हवी आहे : कायोटीच्या फासासाठी केबल आणि लॉक कोणते निवडावे?

नमस्कार. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्याच्या नैऋत्य भागातल्या डोंगराळ पट्ट्यात आम्ही पती-पत्नी गेली सहा वर्षे दुधासाठी शेळ्या पाळत आहोत. या शरद ऋतूत कायोटींनी आमची तीन करडे नेली. ज्यांनी कायोटी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो, की तो आपल्या कोल्ह्याहून मोठा आणि लांडग्याहून लहान असतो व त्याचे वजन साधारण 10 ते 18 किलो भरते. आमच्याकडे विजेचे कुंपण आहे आणि राखणीला ग्रेट पिरिनीज जातीची कुत्रीही आहे. परंतु ओढ्याच्या काठाला कुंपणाखालची माती उकरून कायोटी आत शिरतात आणि कुत्री कळपाच्या दुसऱ्या टोकाला असेल, तेवढ्या वेळात करडू उचलून नेतात.

या राज्यात कायोटीसाठी केबलचा फास हिवाळ्यातल्या ठरावीक मुदतीत लावता येतो, मात्र तो जनावराला मारणारा नव्हे तर धरून ठेवणारा असावा लागतो. (भारतातल्या वाचकांनी कृपया हे तिकडे करून पाहू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे, आणि रानडुकरांसाठी लावलेल्या क्लच वायरच्या फासात बिबटे सापडून मेल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत.) नियमानुसार केबल 7×7 किंवा 7×19 बांधणीची (सात पेड, प्रत्येकात 7 किंवा 19 तारा) आणि किमान 3/32 इंच, म्हणजे सुमारे 2.4 मिलिमीटर जाडीची हवी. फासाचा व्यास 12 इंचांपेक्षा जास्त नको, आणि तो आवळला तरी अडीच इंचांपेक्षा लहान होऊ नये म्हणून केबलवर अडथळा हवा. हरणासारखे मोठे जनावर अडकले तर 350 पौंडांच्या आतल्या ओढीला उघडणारा दुवा हवा, आणि लॉक, म्हणजे केबलवर सरकून फास आवळलेला धरणारा भाग, उलट वाकवलेल्या वॉशरचे (भोके असलेल्या धातूच्या चकतीचे) हवे.

माझ्याकडून सुरुवातीलाच एक चूक झाली. नियम नीट न वाचता मी दुसऱ्या राज्यातल्या एका विक्रेत्याकडून तयार फास मागवले, ते 1×19 केबलचे (19 तारांचा एकच पेड) आणि कॅम लॉकचे (फिरत्या दात्याने केबल पकडणाऱ्या लॉकचे) निघाले. असा फास झटकन आवळतो हे खरे, परंतु ते लॉक एकदा बसले की मागे सरकत नाही. माझी कुत्री त्यात सापडली असती तर सकाळी मला काय दिसले असते, या विचाराने मी ते सर्व फास त्याच दिवशी कापून टाकले.

त्यामुळे माझी खरी अडचण केबलच्या ताकदीची नाही. 3/32 इंची 7×7 केबल सुमारे 920 पौंडांचा ताण सोसते आणि 350 पौंडांचा दुवा तिच्या कितीतरी आधी उघडतो. मला हवे आहे ते असे लॉक, जे जनावराने ओढणे थांबवताच सैल पडेल. वॉशरचे एक लॉक मी कुंपणाच्या खांबावर तपासले, तेव्हा कोरड्या हवेत ते छान मागे सरकले; पण हिमपावसाच्या रात्रीनंतर जागच्या जागी चिकटून बसले. 7×7 आणि 7×19 यांपैकी कोणती केबल अशा हवेत लॉकला साथ देते, आणि वॉशरची भोके किती सैल असावीत, हे जाणकारांनी अनुभवावरून सांगावे, ही विनंती. शिवाय, अडीच इंचांच्या अडथळ्याने कुत्रीचा बचाव होतो का, हेही समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथेच बहुतेकांची गल्लत होते. अडीच इंच व्यास म्हणजे जेमतेम 8 इंचांचा घेर. त्यातून हरणाचा पाय सुटून येतो, पण तुमच्या कुत्रीची मान त्याच्या दुपटीहून जाड असल्यामुळे तिला त्या अडथळ्याचा काहीही उपयोग नाही. तिला वाचवणार ते सैल पडणारे लॉक, आणि दुसरे म्हणजे तिची साखळीची सवय. बांधून ठेवण्याची सवय असलेले कुत्रे फासात अडकले तर बहुधा धडपडत नाही, खाली बसून राहते. आतापासून तिला रोज थोडा वेळ बांधत जा.

केबल 7×7 घ्यावी. तिच्यात 49 तारा असतात, 7×19 मध्ये 133. बारीक तारांची केबल मऊ असते, वाऱ्यात फासाचा आकार टिकत नाही, आणि तिच्या तुटलेल्या तारांची टोके वॉशरच्या भोकात अडकली की लॉक मागे येत नाही. वॉशर विकत घेतल्यावर भोकांच्या कडा बारीक कानशीने साफ कराव्यात आणि केबल बोटांनी ढकलून सहज मागे यावी इतकीच सैल जागा ठेवावी. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळल्याने कारखान्यातले तेल आणि चमक दोन्ही जातात. उकळल्यावर पूर्ण वाळवून मग थंडीत, उणे 10 अंशांच्या आसपास, प्रत्येक लॉक हाताने तपासावे. जे आपोआप सैल पडणार नाही ते वापरू नये. हिमपावसानंतर फास बदलावेच लागतात, त्याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही. तुम्हाला रोज फेरी मारावी लागणारच आहे, तेव्हा कोरड्या फासांचा एक संच घरात ठेवावा.

केबलला पीळ बसला की उत्तम लॉकही निकामी होते, म्हणून खुंट्याजवळ स्विव्हल (केबलला पीळ न पडता फिरू देणारा जोड) हवेच. आणि उकरलेल्या भोकात फास लावू नका. अडकलेले जनावर कुंपणाला किंवा अर्ध्या इंचाहून जाड झुडपाला वेटाळेल अशी जागा नियमात बसत नाही, आणि वेटाळलेल्या केबलला सैल पडायला वावच राहत नाही. भोकाकडे येणारी पायवाट शोधून पंधरा-वीस पावले अलीकडे मोकळ्या जागी फास लावा, त्याची खालची कड जमिनीपासून 10 इंचांवर ठेवा.

मूळ धागाकर्ता

मनापासून आभार. अडथळ्याबद्दल माझी समजूत पूर्ण चुकीची होती. पायवाट सापडली आहे, ती ओढ्याच्या पलीकडून दोन ओक वृक्षांच्या मधून येते. परंतु तिथे झुडपे दाट असल्याने आणखी खाली, गवताच्या उतारावर जागा धरतो आहे. जमीन गोठण्यापूर्वी, म्हणजे याच आठवड्यात, खुंटे ठोकून ठेवतो. कुत्रीला आज संध्याकाळी पहिल्यांदा अर्धा तास बांधले होते.