झुकिनीची फुलं भज्यांसाठी तोडली तर फळं कमी येतील का?

परसबागवाली_एडिसन
नमस्कार मंडळी, न्यू जर्सीत बॅकयार्डात यंदा झुकिनी लावलीये, सकाळी बघावं तर पिवळीधमक फुलंच फुलं. सासूबाई आल्यात इथे, त्या रोज म्हणतात अगं डांगराच्या फुलांची करतो तशी भजी कर की, आणि नवरा म्हणतो फूल तोडलं की फळ गेलं. पण फळं तरी कुठे धरतायत, बोटाएवढी होतात आणि टोकाकडून पिवळी पडून सडतात. कॅल्शियम कमी असेल म्हणून अंड्याची टरफलं घालून झाली, ढिम्म फरक नाही. काय करू?

गच्चीवाले_काका
ताई, सासूबाई पण बरोबर आणि नवरा पण बरोबर, कुठलं फूल तोडताय त्यावर आहे सगळं. बारीक लांब दांड्यावर सरळ उभं असतं ते नर फूल, त्याला फळ कधीच येणार नाही, बिनधास्त तोडा. ज्याच्या मागे इवलीशी झुकिनी दिसते ती मादी. सुरुवातीचा आठवडा-दोन आठवडे बहुतेक नरच येतात म्हणून लोक घाबरतात. फक्त सगळे नर तळून खाऊ नका, रोज दोन-तीन झाडावर राहू द्या, नाहीतर पराग येणार कुठून?

तुमची फळं सडतायत ते कॅल्शियममुळे नसावं, परागीभवन नीट होत नाहीये असं वाटतंय. फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, तेवढ्यात मधमाशी आली तर आली. सकाळी नऊ-दहाच्या आत एक नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलून टाकायच्या, मधल्या दांडीची पिवळी पावडर मादीच्या मधोमध नीट फिरवायची. आमच्याकडे पुण्यात गच्चीवर मधमाश्या कमीच, त्यामुळे थंडीत माझा हाच उद्योग असतो.

स्टुटगार्टची_सुगरण
काकांना +१. फक्त भजीच हवी असतील तर मादी पण तोडायला हरकत नाही, बोटाएवढ्या झुकिनीसकट. इटलीत बाजारात फुलासकट कोवळी झुकिनी मिळतेच की. रोममध्ये फुलात मोझरेला आणि अँचोव्ही मासा भरून तळतात, शाकाहारी असाल तर मासा सोडा. एकदा का झाड सुटलं की शेजारीपाजारी पण झुकिनी घेईनासे होतात, तेव्हा मादी फुलं खाणं हाच भार कमी करायचा उपाय. पुढच्या वर्षी कोस्टाटा रोमानेस्को लावून बघा, उभ्या शिरा असलेली जात, नर फुलं भरपूर येतात.

आणि एक, घरचं बी धरून लावू नका. शोभेच्या भोपळ्याशी संकर झाला की फळ कडू निघू शकतं. इथे जर्मनीत २०१५ मध्ये घरच्या बागेतली कडू झुकिनी खाऊन एक आजोबा गेले. दुधी कसा चाखून घेतो तशी ही पण चाखायची, कडू लागली की सरळ फेकायची.

जर्सीचा_शेतकरी
एडिसनवाल्या ताई, आपल्याकडे खरा शत्रू वेगळाच आहे, स्क्वॉश वाईन बोरर. जून-जुलैत नारिंगी पोटाचा पतंग दिवसाढवळ्या फिरतो आणि बुंध्यापाशी बारीक तपकिरी अंडी घालतो, मग अळी खोडात शिरते. खोडाला भोक आणि बाहेर लाकडाच्या भुशासारखं काही दिसलं की समजा आत आहे. ब्लेडने खोड उभं चिरून पांढरी अळी काढायची, वर माती चढवायची, झाड वाचतं बऱ्याचदा. जाळी घालणार असाल तर मादी फुलं यायला लागली की काढा, नाहीतर मधमाशी पण बाहेरच. आणि फुलं खाणार असाल तर कीटकनाशक अजिबात मारू नका.

फळं १५-२० सेंटीमीटरची झाली की तोडाच, एक जरी पानाआड राहून दांडगी झाली तरी झाड नवीन धरायला कंटाळतं. दांडगी निघालीच तर बिया काढून किसा आणि थालीपीठ लावा.

परसबागवाली_एडिसन
बापरे केवढी माहिती, थँक्यू सगळ्यांना! आत्ताच जाऊन बघितलं, तोडणेबल नर भरपूर आहेत. सासूबाई म्हणतात यात काय नवीन, डांगराला पण असंच असतं, मग आधी का नाही सांगितलं विचारलं तर हसतात नुसत्या. एकच प्रश्न, रोज पाच-सहाच फुलं मिळतात, घाणा घालायचा तर दोन दिवसांची साठवता येतील का?

गच्चीवाले_काका
येतील. सकाळी उमललेली असतानाच तोडा, आत मुंगी नाहीतर माशी आहे का बघा, मिटलं की ती आतच अडकते. मधली दांडी काढून टाका, थोडी कडवट लागते. धुवू नका, ओलसर पेपर टॉवेलवर एका थरात डब्यात ठेवून फ्रिजमध्ये. दोन दिवस टिकतात, तिसऱ्या दिवशी लगदा. पीठ सैलसर भिजवा, बेसनात चमचाभर तांदळाची पिठी आणि ओवा, सोडा नको.