फोर्कलिफ्ट ऑपरेटरचं रिफ्रेशर (उजळणी प्रशिक्षण): दर वर्षी की तीन वर्षांनी?

चाकण_सेफ्टी
कुठल्याही गोदामात विचारा, उत्तर ठरलेलं: "सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं." हे तीन वर्षांचं प्रकरण अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या १९१०.१७८ या नियमातून आलंय. त्यात लिहिलंय ते वेगळंच. ऑपरेटर प्रत्यक्ष कसं चालवतो हे तीन वर्षांतून निदान एकदा तपासा. आणि अपघात झाला, थोडक्यात टळला, चुकीचं चालवताना दिसला, गाडीचा प्रकार बदलला किंवा जागेत बदल झाला, तर संबंधित रिफ्रेशर द्या. आपण 'निदान' गाळलं आणि तपासणीची मुदत प्रशिक्षणाला चिकटवली.
माझं मत: दर वर्षी अर्धा दिवस. तासभर वर्गात, बाकी गाडीवर.

शिफ्ट_इन्चार्ज
पटत नाही. काटे जमिनीपासून १५-२० सेंमीवर ठेवून चालवायचं, लोडने समोरचं झाकलं तर रिव्हर्समध्ये जायचं, वळणावर हॉर्न द्यायचा, यातलं कुणाला माहीत नाही? माहीत असून जे करत नाहीत, ते अर्ध्या दिवसाच्या वर्गाने करणार नाहीत. बेल्टचंच घ्या. लेबल स्कॅन करायला माणूस तासात वीस वेळा खाली उतरत असेल तर तो बेल्ट लावणारच नाही. स्कॅनर खालच्या हेल्परकडे द्या, प्रश्न मिटला. नियमातली कारणं घडतील तेव्हा शिकवा. पण मग लगेच, पुन्हा चावी हातात देण्याआधी. ब्रिटनमध्येही रिफ्रेशरला कायद्याने ठरावीक मुदत नाही.

चाकण_सेफ्टी
'घडेल तेव्हा' म्हणजे कुणीतरी कबूल करेल तेव्हा. रॅकचा खांब वाकला की रात्रपाळीत त्यावर पिवळ्या रंगाचा हात फिरतो, नोंद शून्य. वार्षिक तारखेला कुणाच्या कबुलीची गरज नसते. शिवाय जे रोज लागत नाही ते खरंच विसरतं. गाडी उलटायला लागली की शरीर उडी मारायला बघतं, आणि वरची जाळी त्याच बाजूला येते. बसून चालवायच्या काउंटरबॅलन्सवर (मागे वजन असलेली नेहमीची फोर्कलिफ्ट) बेल्ट लावलेला असावा, स्टिअरिंग घट्ट धरावं, पाय रोवावेत, पडण्याच्या उलट बाजूला झुकावं. हे वर्षातून एकदा बंद गाडीत बसवून करून घेतलंच पाहिजे.

हायड्रॉलिक
कधी यावर भांडताय, शिकवायचं काय ते बघा. २ टनाच्या गाडीची क्षमतेची प्लेट ५०० मिमी लोड सेंटरसाठी असते, म्हणजे काट्याच्या उभ्या बाजूपासून मालाच्या गुरुत्वमध्यापर्यंतच्या अंतरासाठी. १२०० मिमीचं पॅलेट लांबीने उचललं की सेंटर ६०० वर गेला. समजा पुढच्या एक्सलपासून काट्याच्या उभ्या बाजूपर्यंत ४०० मिमी आहे. मग एक्सलपासूनचं अंतर ९०० चं १००० झालं. २००० गुणिले ९०० भागिले १०००, म्हणजे १८०० किलो. हा ढोबळ हिशेब. मास्ट (काटे वर नेणारा उभा सांगाडा) उंच गेला किंवा काट्यांना अटॅचमेंट, म्हणजे जोड-साधन, लावली की आकडा आणखी उतरतो, तो उत्पादकाच्या प्लेटवरूनच घ्यायचा. आता त्यावर १९०० किलो उचललं तरी गाडी उलटत नाही, कारण प्लेटमध्ये मार्जिन धरलेलं असतं. घात इथेच होतो. ऑपरेटरला वाटतं, चालतंय की! मागची चाकं हलकी होतात, आणि स्टिअरिंग मागच्याच चाकांवर. अनुभव जितका जास्त, तितकी ही चुकीची खात्री पक्की.
काट्यांचंही तेच. टाचेजवळ, म्हणजे काटा वळतो तिथे, १० टक्के झीज झाली, ४० चा ३६ मिमी राहिला, की काटा बाद. वाकण्याची ताकद जाडीच्या वर्गावर असते, म्हणून जवळपास २० टक्के गेली. जाडी मोजायचा कॅलिपर किती ऑपरेटरांनी हातात धरलाय?

शिफ्ट_इन्चार्ज
प्लेटचा मुद्दा मान्य, ते चुकीचं शिकलेलं पुसावं लागतं. पण त्याला अर्धा दिवस कशाला? शिफ्ट सुरू होताना १५ मिनिटं, महिन्याला एक विषय, तोही गाडीजवळ उभं राहून. वार्षिक वर्गात शेवटी होतो तो हजेरीच्या सह्यांचा कार्यक्रम.

भिवंडी_डॉक
तुम्ही दोघंही कायमच्या माणसांबद्दल बोलताय. इथे ठेकेदाराचा ऑपरेटर चार महिन्यांत बदलतो, त्याची वर्षपूर्ती होणार कधी? पहिल्या दिवशी आपल्याच गाडीवर, आपल्याच रॅम्पवर चाचणी घ्या. रॅम्पवर लोड कायम चढाच्या बाजूला, गाडी रिकामी असेल तर काटे उताराच्या बाजूला. महिन्याने पुन्हा २० मिनिटं. डिझेल फोर्कलिफ्ट चालवणारा रीच ट्रकवर (अरुंद वाटेत उंच रॅकसाठीची गाडी) बसवला तर तो नवशिकाच धरा. तिथे बसायचं आडवं आणि गाडी जवळपास जागच्या जागी वळते. जुन्या सवयीने स्टिअरिंग मारलं की लोडचा कोपरा रॅकच्या खांबावर.

चाकण_सेफ्टी
महिन्याच्या १५ मिनिटांना माझी ना नाही, पण ती वार्षिक चाचणीच्या बदली नको. आणि चाचणी आपल्या सुपरवायझरने घेऊ नये, त्याला त्याच रात्री तोच माणूस ट्रक खाली करायला हवा असतो.

भिवंडी_डॉक
बाहेरचा परीक्षक आणा, हरकत नाही. पण आधी चावी गाडीलाच लटकवणं बंद करा. चालवायची परवानगी असलेल्यांच्या यादीत नाव असेल त्यालाच, सही घेऊन चावी. नाहीतर वर्षभर शिकवलेला माणूस जेवायला जातो आणि गाडी हेल्पर चालवतो.