आई-वडिलांची मेडिक्लेम: को-पे, रूम रेंट, डोमिसिलिअरी म्हणजे नक्की काय? आणि घरी ठेवलेल्या नर्सचा खर्च कोण देतो?

कुळागर (फोंडा)

बाबा ७१, आई ६७. दोघांनाही मधुमेह, बाबांना बीपीसुद्धा. दोघांची मिळून ५ लाखांची फ्लोटर पॉलिसी आहे, तिसरे वर्ष चालू आहे. कागद वाचायला घेतला आणि अडलो. शेड्यूलवर (पॉलिसीच्या सारांशाच्या पानावर) लिहिले आहे: को-पे २० टक्के, रूम रेंट विमा रकमेच्या १ टक्का, मोतीबिंदू ४०,००० प्रति डोळा, आधीच्या आजारांना ३६ महिने, ‘डोमिसिलिअरी’ समाविष्ट.

प्रश्न असे:
रूम रेंटची मर्यादा ओलांडली तर फक्त वरचे भाडे आपण भरायचे ना?
तिसरे वर्ष चालू म्हणजे मधुमेह आता कव्हर झाला का?
डोमिसिलिअरी म्हणजे घरी नर्स ठेवली तर पैसे मिळतात का? अमेरिकेतला भाऊ म्हणतो ‘लाँग टर्म केअर’ घ्या. ते इथे मिळते का?
बाबांचे वय वंदना कार्ड (सत्तरीपुढच्यांसाठीचे केंद्राचे आयुष्मान कार्ड) काढले तर दीनदयाळ कार्डाचे (गोवा सरकारच्या आरोग्य योजनेचे) किंवा या पॉलिसीचे काय होते?

---

साखळीकर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच जातात.

५ लाखांच्या १ टक्का म्हणजे दिवसाला ५,००० ची खोली. समजा ८,००० ची घेतली आणि पाच दिवस राहिले. एकूण बिल २,४०,००० धरू. त्यात खोली ४०,०००, सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग आणि व्हिजिट मिळून १,२०,०००, आणि औषधे, तपासण्या, इम्प्लांट ८०,०००.

कंपनी आधी प्रमाण काढते: ५,००० भागिले ८,०००, म्हणजे ६२.५ टक्के. खोलीचे २५,००० मंजूर. मग हेच प्रमाण सर्जन वगैरेंच्या १,२०,००० ला लागते, म्हणजे ७५,०००. औषधे-तपासण्यांचे ८०,००० पूर्ण. बेरीज १,८०,०००. त्यावर २० टक्के को-पे, म्हणजे ३६,००० वजा. हातात १,४४,०००. खिशातून ९६,०००.

खोलीच्या भाड्यातला फरक फक्त १५,००० होता. को-पे सोडला तर बाकीचा ४५,००० चा भुर्दंड या प्रमाणात कापण्याचा, म्हणजे प्रपोर्शनेट डिडक्शनचा, कारण बऱ्याच खासगी हॉस्पिटलांत खोली जितकी वरची तितकी सर्जनची फीही वरची, आणि तो वाढीव भाग उचलायला कंपनी तयार नसते. म्हणून ॲडमिशन डेस्कवर विचारायचा पहिला प्रश्न: “५,००० च्या आतली खोली कुठली? नर्सिंग चार्ज त्यातच धरलाय की वेगळा?” काही पॉलिसींत रूम रेंटच्या मर्यादेत नर्सिंगही मोजतात. तसे असेल तर ४,५०० ची खोलीही मर्यादेबाहेर जाऊ शकते.

---

मांडवीकाठ

वरचे गणित बरोबर. दोन गोष्टी जोडतो. आयसीयूच्या चार्जेसना हे प्रमाण लावता येत नाही. आणि जिथे खोलीनुसार दर बदलत नाहीत अशा हॉस्पिटलातही लावता येत नाही. म्हणून कंपनीने कापले तर हॉस्पिटलकडून एका ओळीचे पत्र घ्या की आमच्याकडे सर्व खोल्यांना प्रोसिजरचा दर एकच आहे. ते पत्र जोडले की फेरविचाराला आधार मिळतो.

को-पे आणि डिडक्टिबल यांची लोक गल्लत करतात. को-पे म्हणजे प्रत्येक मंजूर क्लेममधला तुमचा टक्का. डिडक्टिबल म्हणजे ठरावीक रक्कम आधी तुम्ही (किंवा तुमच्या दुसऱ्या पॉलिसीने) भरायची, त्यानंतर कंपनी सुरू होते. इथेच टॉप-अप आणि सुपर टॉप-अप (दोन्ही मूळ पॉलिसीच्या वर घ्यायच्या, डिडक्टिबलच्या पुढचा खर्च देणाऱ्या पॉलिसी) यांतला फरक येतो. डिडक्टिबल ५ लाख आणि वर्षात दोनदा ३-३ लाखांचे बिल झाले, तर साधा टॉप-अप काहीच देत नाही, कारण तो दर बिल वेगळे मोजतो. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज ६ लाख धरून १ लाख देतो. ज्येष्ठांना वर्षात एकच मोठे ॲडमिशन होण्यापेक्षा दोन-तीन मध्यम होण्याची शक्यता जास्त, त्यामुळे स्वस्त दिसला तरी साधा टॉप-अप घेऊ नका.

गोव्यातल्यांसाठी आणखी एक: हप्ता झोनप्रमाणे (शहरांच्या गटाप्रमाणे) ठरत असेल आणि तुम्ही खालच्या झोनचा हप्ता भरत असाल, तर मुंबईला नेऊन केलेल्या उपचारावर वेगळा ‘झोन को-पे’ लागू शकतो. तो शेड्यूलवर नसतो, पॉलिसी वर्डिंगच्या (सविस्तर अटींच्या पुस्तिकेच्या) आत असतो. पेशंटला मुंबईला हलवायची वेळ आल्यावर तो शोधत बसू नका.

---

नदीपलीकडे (डिचोली)

वेटिंग पीरियडबद्दल, म्हणजे पॉलिसी घेतल्यापासून कव्हर सुरू होईपर्यंत थांबायचा काळ. तीन वेगवेगळे असतात आणि एकाच वेळी धावतात.

पहिला ३० दिवसांचा, अपघात सोडून सगळ्याला. दुसरा ठरावीक आजारांचा: मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, गुडघेबदल वगैरे. तो बहुधा २४ महिन्यांचा असतो, म्हणजे तुमचा संपलेला असावा. तिसरा आधीपासूनच्या आजारांचा. पूर्वी तो ४८ महिन्यांपर्यंत चालायचा, २०२४ च्या नियमांनी कमाल ३६ महिने झाला. ‘तिसरे वर्ष चालू’ म्हणजे ३६ महिने पूर्ण नव्हेत. तिसरे वर्ष संपून चौथ्याचे नूतनीकरण झाले की मधुमेह आणि त्याच्यामुळे थेट उद्भवणाऱ्या तक्रारी कव्हर होतील. पायाची जखम चिघळणे, किडनी, डोळ्याचा पडदा हे सगळे ‘थेट उद्भवणाऱ्या’ या शब्दात ओढले जाते, म्हणून ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

यात लोक तीन ठिकाणी घसरतात.

नूतनीकरण चुकते. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांचा ग्रेस असतो, त्यात भरले तर वेटिंगची मोजणी तुटत नाही. पण त्या मधल्या दिवसांत आजारी पडले तर कव्हर धरून चालू नका. “बघू चवथीनंतर” हे इथे महाग पडते.

विमा रक्कम वाढवली जाते. ५ चे १० लाख केले तर वाढलेल्या ५ लाखांना वेटिंग पुन्हा शून्यापासून. पोर्ट करतानाही (पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेतानाही) जुन्या रकमेपुरतीच सवलत पुढे जाते. पोर्टचा अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी द्या. मधुमेह असलेल्या ज्येष्ठांना नवी कंपनी नकार देऊ शकते, त्यामुळे होकार हातात येईपर्यंत जुनी सोडू नका.

आणि कॅज्युअल्टीत तोंडी सांगितलेला इतिहास. प्रपोजल फॉर्मवर मधुमेह ‘४ वर्षे’ लिहिलेला असतो, आणि रात्री दोन वाजता घाबरलेला नातेवाईक डॉक्टरला सांगतो “दहा-बारा वर्षं झाली असतील”. ते केस पेपरवर जाते, तिथून डिस्चार्ज समरीत, आणि कंपनी म्हणते माहिती लपवली. फॉर्मची प्रत आणि मधुमेहाचा पहिला रिपोर्ट एका फाईलमध्ये ठेवा, जो कोणी पेशंटबरोबर जाईल त्याने तीच फाईल न्यायची.

सलग ६० महिने झाले की मोरॅटोरियम लागतो. त्यानंतर माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, सिद्ध झालेली फसवणूक सोडून. पूर्वी ही मुदत ८ वर्षे होती. पण मोरॅटोरियमने को-पे किंवा मोतीबिंदूची ४०,००० ची मर्यादा उठत नाही. महागडी लेन्स घ्यायची असेल तर वरचे पैसे आपलेच.

---

कुळागर (फोंडा)

साखळीकर, मी उलटेच समजत होतो. नदीपलीकडे, तारीख लिहून ठेवली. पण डोमिसिलिअरीचे कोणी सांगेल का? एजंट म्हणाला “घरच्या घरी उपचार कव्हर आहेत, काळजी नको”.

---

बोरीपूल

एजंट खोटे बोलला नाही, पण तुम्ही ऐकले ते तो बोलला नाही.

डोमिसिलिअरी म्हणजे ज्या आजाराला हॉस्पिटलात भरती करावेच लागले असते, पण पेशंट हलवण्याच्या स्थितीत नाही किंवा हॉस्पिटलात जागाच नाही, म्हणून डॉक्टरच्या देखरेखीखाली घरी केलेला उपचार. बहुधा तीन दिवसांपेक्षा जास्त चालला तरच. जुन्या वळणाच्या पॉलिसींत मधुमेह, बीपी, दमा, संधिवात असे आजार यातून वगळलेलेच असतात, म्हणजे म्हातारपणी लागणारे बरेचसे. नव्या पॉलिसींत ‘होम केअर ट्रीटमेंट’ असे कलम असते. त्यालाही आधी मंजुरी लागते, डॉक्टरने लिहिलेला उपचार आणि रोजचा सही केलेला चार्ट लागतो.

आता वगळलेल्या गोष्टींची यादी उघडा आणि ‘०५’ क्रमांकाचे कलम वाचा. रेस्ट क्युअर, रिहॅबिलिटेशन, रेस्पाइट केअर असा मथळा असतो. हे कलम आयआरडीएआयने (विमा नियामकाने) ठरवून दिलेले, म्हणून सगळ्या कंपन्यांत जवळजवळ सारखेच. त्यात स्पष्ट लिहिले आहे की आंघोळ घालणे, कपडे घालणे, हिंडवणे-फिरवणे यांसाठीची मदत, घरी असो की नर्सिंग होममध्ये, शिकलेल्या नर्सने केलेली असो की साध्या मदतनीस बाईने, देय नाही. म्हणजे सेवा-शुश्रूषेला मेडिक्लेम नाही, फक्त उपचाराला आहे. बाबा पडले, खुब्याचे हाड मोडले, तर ऑपरेशन मिळेल. नंतर तीन महिने कूस बदलायला ठेवलेल्या बाईचे मिळणार नाही. एअर बेड, वॉकर, डायपर, घरी वापरायचा ऑक्सिजन सिलिंडर, खासगी नर्स हेसुद्धा न देण्याच्या यादीत आहेत. ‘कन्झ्युमेबल्स’चा रायडर (जादा हप्त्याचे पूरक कव्हर) घेतला असेल तर त्यातले नेमके काय सुटते ते त्याच्या यादीत पाहा.

घरी आल्यावर काही मिळते का? मिळते, ‘पोस्ट-हॉस्पिटलायझेशन’खाली, साधारण ६० दिवस. त्याच आजाराची औषधे, तपासण्या, फेरतपासणीची फी. फिजिओथेरपी हवी असेल तर डिस्चार्ज समरीत डॉक्टरकडून लिहूनच घ्या: आठवड्यातून किती वेळा, किती आठवडे. नुसते “फिजिओ चालू ठेवा” असेल तर प्रश्न येतात. आणि थेरपिस्टची बिले तारखेनिशी, नोंदणी क्रमांकासह.

भाऊ सांगतो तो प्रकार अमेरिकेतला. तिथे आंघोळ, कपडे, खाणे, शौचालयात जाणे, मलमूत्रावर ताबा, पलंगावरून खुर्चीत बसणे या सहा कामांपैकी दोन किमान ९० दिवस स्वतःला जमणार नाहीत, किंवा स्मृतिभ्रंशामुळे सतत लक्ष ठेवावे लागेल, असे प्रमाणित झाले की पॉलिसी सुरू होते. त्याआधी ‘एलिमिनेशन पीरियड’ असतो, ३०, ६० किंवा ९० दिवसांचा. तो खर्च आपला. म्हणजे दिवसांत मोजलेला डिडक्टिबलच. तिथल्या सरकारी मेडिकेअरमधूनही नुसत्या सेवेला पैसे मिळत नाहीत, म्हणून हा वेगळा विमा विकला जातो. आपल्याकडे त्याची बाजारपेठ उभीच राहिलेली नाही.

जवळचे म्हणाल तर क्रिटिकल इलनेस. ठरावीक आजार झाला की एकरकमी पैसे, बिल न मागता, त्यातून बाई ठेवा की नर्स. पण व्याख्या कडक: पक्षाघातात कायमची इजा किमान ३ महिने टिकल्याचा पुरावा लागतो, झटका येऊन ओसरला तर नाही. निदानानंतर बहुधा ३० दिवस जगण्याची अटही असते. आणि सत्तरीनंतर मधुमेहासह नव्याने मिळणे कठीण. तुमच्या बाबांसाठी तो विचार सोडा, स्वतःसाठी करा.

बाबांसाठी वेगळा फंड हाच मार्ग. महिना २५,००० धरले तर वर्षाचे ३ लाख होतात. विमा रक्कम ५ वरून १० करण्याआधी हे तीन लाख बाजूला आहेत का ते बघा.

---

मांडवीकाठ

कार्डांचे कोणी लिहिले नाही म्हणून.

वय वंदना: आधारप्रमाणे वय ७० पूर्ण, उत्पन्नाची अट नाही. बाबांना मिळेल, आईला अजून तीन वर्षे नाही. वर्षाला ५ लाख, घरातल्या सत्तरीपुढच्या सगळ्यांत मिळून. आधीच्या आजारांना वेटिंग नाही, त्यामुळे तुमचे ३६ महिने पूर्ण होईपर्यंत तर काढाच. खासगी पॉलिसी असली तरी चालते. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी) किंवा ईसीएचएस (माजी सैनिक) योजनावाल्यांना मात्र दोनपैकी एक निवडावे लागते. आयुष्मान ॲपवर आधार ई-केवायसी करून निघते.

दीनदयाळ: गोव्यात किमान ५ वर्षे वास्तव्य, तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर ४ लाख. ठरलेल्या प्रोसिजरनाच, भरती झाल्यावर. कार्डाची मुदत आताच तपासा.

ही दोन्ही यादीवरच्या हॉस्पिटलांत आणि पॅकेजच्या दराने चालतात. तेव्हा ॲडमिशनच्या वेळीच “हे कुठल्या कार्डावर घेताय” ते विचारा, कार्ड नंतर दाखवून बिल परत करून मिळत नाही. मधुमेहाच्या महिन्याच्या गोळ्या कशातच नाहीत, त्या सरकारी आरोग्य केंद्रातून किंवा गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजातून) घेता आल्या तर पाहा.

---

साखळीकर

कॅशलेसबद्दल (कंपनी थेट हॉस्पिटलला पैसे देते त्याबद्दल) राहिले. ठरवून करायच्या ऑपरेशनला ४८ तास आधी कळवा, तातडीचे असेल तर भरती झाल्यापासून २४ तासांत. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कंपनीने पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची आहे. त्याहून उशीर झाला आणि हॉस्पिटलने खोलीचे जादा भाडे लावले तर ते कंपनीने सोसायचे. हॉस्पिटलने शेवटचे बिल किती वाजता पाठवले ती वेळ बिलिंग काउंटरवरून लिहून घ्या, नाहीतर दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात.

कॅशलेस नाकारले म्हणजे क्लेम नाकारला असे नाही. पैसे भरून रीइम्बर्समेंट मागता येते. डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिल, पावत्या, रिपोर्ट, औषधांची बिले चिठ्ठ्यांसह, आणि इम्प्लांट असेल तर त्याचा स्टिकर. हा स्टिकर केस पेपरला चिकटवलेला असतो आणि घरी जाण्याच्या गडबडीत तिथेच राहतो.

---

नदीपलीकडे (डिचोली)

आणि खरेच नाकारला तर नकाराच्या पत्रात कुठले कलम ते लिहिलेले हवे. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे, एक वर्षाच्या आत. फी नाही, वकील लागत नाही. बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवता येते.

हप्त्याबद्दल दोन वाक्ये: २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. आणि साठीपुढच्यांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीने आधी आयआरडीएआयशी बोलायला हवे, असा जानेवारी २०२५ चा आदेश आहे. यंदाच्या नूतनीकरणाची नोटीस आली की दोन्ही पडताळून पाहा.

---

कुळागर (फोंडा)

०५ कलम सापडले, शब्द न् शब्द तेच आहे. झोन को-पेही निघाला, पान १९ वर. मुंबईला नेले तर आणखी १५ टक्के. हा २० टक्क्यांवर चढतो की २० मध्येच धरतात?

---

मांडवीकाठ

वर्डिंगवर आहे. ‘या व्यतिरिक्त’ लिहिले असेल तर चढतो, आधी एक कापून उरलेल्यावर दुसरा. १,००,००० चे ८०,०००, त्यावर १५ टक्के गेले की ६८,०००. काही कंपन्या सरळ ३५ कापतात. ईमेल करून लेखी उत्तर मागवा, फोनवर सांगितलेले धरू नका. आणि झोन वरचा करून घ्यायला हप्त्यात किती फरक पडतो तेही त्याच ईमेलमध्ये विचारा.